चार कमी

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, फळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कपाटातली नाहीतर पलंगाची फळी येईल. मी त्यांतली नाही. मी उंची मोजायची फळी आहे. तळेगावाजवळच्या आंबीच्या अलीकडे, जिथून कारखान्यांचे निळे पत्रे दिसू लागतात, तिथल्या एका वस्तीवरच्या शाळेत मला व्हरांड्याच्या भिंतीला उभं ठोकलेलं आहे. शाळेचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक नावालाच धरून बसतात आणि सांगायचं ते राहून जातं.

मला सांगायचं आहे ते माझ्या खोटेपणाबद्दल. मी आठ वर्षं खोटं बोलले. रोज नाही, पण जो कोणी मला पाठ टेकवून उभा राहिला त्या प्रत्येकाशी बोलले. त्यात एका मुलीचं आयुष्य हातातून गेलं. ती जिवंत आहे, घाबरू नका. पण ज्या आयुष्यासाठी ती दोन वर्षं धावत होती, ते आता तिला मिळणार नाही.

माझा जन्म शाळेतला नव्हे. कान्हे स्टेशनवर एक लाकडी बाक होता, त्याची मी पाठ होते. दूधवाले टेकायचे, कामावर निघालेली माणसं टेकायची, माहेराहून परतणाऱ्या बाया टेकायच्या. पाठ टेकवून घेणं हेच माझं काम होतं, तेव्हाही आणि आताही. पुढे बाक मोडला आणि मी भंगारात गेले. तिथून मला हौशीराम गुरुजींनी उचललं. ते कान्ह्याचे. रोज लोकलने तळेगावला उतरायचे, स्टेशनाबाहेर ठेवलेली सायकल काढायची आणि शाळेत यायचं, असा त्यांचा क्रम होता. एके दिवशी त्यांनी मला सायकलच्या दांड्याला बांधलं आणि शाळेत आणलं.

सुताराने मला रंधा मारून सरळ केलं. गुरुजींनी स्वतः हिरवा रंग दिला. मग पट्टी घेऊन बसले आणि पांढऱ्या रंगाने एकेक सेंटीमीटरची रेघ ओढली. आकडे साठपासून सुरू केले. "साठाच्या खालचं पोर शाळेत येणार कशाला?" असं स्वतःशीच म्हणाले. त्यामुळे माझा खालचा भाग नुसता हिरवा, कोरा राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तुम्हाला वाटेल, उंची मोजणं हे काय मोठं काम! पण गुरुजी माझ्यावर इंग्रजी शिकवायचे. जूनमधल्या दुसऱ्या सोमवारी आमच्या शाळेत मापाचा दिवस असे. एकेक पोर येऊन मला टेकायचं, डोक्यावर पुठ्ठा आडवा धरायचा, आकडा वहीत जायचा. मग दोघांना शेजारी शेजारी उभं करायचं आणि सगळ्या वर्गाने वाक्य म्हणायचं. अमृता इज टॉलर दॅन आकाश. आकाश लाजून खाली बघायचा आणि वर्ग खिदळायचा. गुरुजींचा एक नियम मात्र कडक होता. चपला काढायच्या, टाचा फळीला लावायच्या, आणि दोघांचे पाय एकाच जमिनीवर पाहिजेत. "एक पायरीवर आणि एक अंगणात, असं असेल तर तुलनाच नाही," ते म्हणायचे. "मग तोंड बंद ठेवायचं."

या 'दॅन'वर त्यांचं फार प्रेम होतं. ते सांगायचे की हा 'दॅन' म्हणजे मूळचा 'देन'च. देन म्हणजे मग. फार पूर्वी त्या लोकांचे हे दोन शब्द एकच होते, लिहायचेही कधी असे तर कधी तसे. वेगळे झाले ते अलीकडे, दोन-तीनशे वर्षांत. म्हणजे जुन्या वाक्याचा अर्थ असा, की अमृता जास्त उंच, मग आकाश. आधी ती, मग तो.

"म्हंजी रांगच की, गुरुजी," पाचवीतली एक सडपातळ मुलगी म्हणाली. तिचं नाव समीक्षा.

"रांगच," गुरुजी म्हणाले. "आपल्या 'पेक्षा'त तशी रांग नाही. आपला 'पेक्षा' आला 'अपेक्षा'तून. संस्कृतात अपेक्षा म्हणजे एखाद्याकडे बघणं. आपण एकाकडे बघून दुसऱ्याला मोजतो. ते रांग लावतात. काम एकच."

'अ‍ॅज टॉल अ‍ॅज' शिकवताना ते म्हणायचे की हा 'अ‍ॅज' म्हणजे 'ऑल सो'चा झिजलेला तुकडा. ऑल सो म्हणजे अगदी तसंच. बोलून बोलून झिजला आणि एवढासा उरला. मला त्या दिवशी मजा वाटली. लाकूड झिजतं हे मला माहीत होतं, शब्दही झिजतात हे नवीन होतं.

एकदा एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी एका मुलाला 'टॉलर दॅन मी' म्हणताना ऐकलं आणि तिथेच थांबवलं. 'दॅन आय' पाहिजे, म्हणाले. गुरुजींनी नम्रपणे सांगितलं की साहेब, दोन्ही चालतं, खुद्द त्यांच्यातच यावर भांडणं आहेत. साहेब गेल्यावर मात्र त्यांनी वर्गाला नीट समजावलं. 'दॅन आय' म्हटलं की मागे एक 'अ‍ॅम' लपलेला असतो. तो माझ्यापेक्षा उंच, म्हणजे मी जेवढा उंच आहे त्यापेक्षा. "तुलनेच्या वाक्यात दुसऱ्याचं अर्धं वाक्य नेहमी गिळलेलं असतं," ते म्हणाले. "जे गिळलं ते शोधा. मग वाक्य खरं की खोटं ते कळेल." वर्गाने मान हलवली. ते शोधायची वेळ आली तेव्हा गुरुजी स्वतःच विसरले.

आता लीलाबाईंबद्दल सांगते. लीलाबाई म्हणजे समीक्षाची आजी. बौद्धवाड्यातून येऊन त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. हात मोठा नेटका. तांदूळ तीन पाण्यांत धुणार, डाळीत खडा राहू देणार नाही, आणि मटकीची उसळ केली की तिचा वास व्हरांड्यापर्यंत यायचा. तरी गावातल्या सात-आठ घरांतली पोरं घरून डबा आणायची. का आणायची ते कोणी तोंडाने सांगत नसे. सांगायची गरजही नव्हती. राजेश्वरीही डबा आणायची. ती समीक्षाच्याच वर्गातली, गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली. दोघी वर्गात एका बाकावर बसायच्या आणि जेवायच्या वेळी एक व्हरांड्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

समीक्षा सातवीत जाणार होती त्या मे महिन्यात शाळेला नवी फरशी बसवायला घेतली. जुनी शहाबादी उखडण्याचा कंटाळा केला आणि तिच्यावरच माल टाकून नव्या फरश्या बसवल्या. जमीन चार सेंटीमीटर वर आली. मिस्त्री माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा मी आडवी आले. माझे स्क्रू भिंतीत गंजून बसलेले, ते निघेनात. त्याने करवत घेतली आणि माझं पाऊल खालून चार सेंटीमीटर कापलं. फरशी आत सरकवली, सिमेंट पुसलं, झालं. मी होते तिथेच, आकडे होते तिथेच, जमीन तेवढी वर आली. साठाच्या खाली आकडे असते तर एक-दोन-तीन कुठे गेले म्हणून कोणीतरी विचारलं असतं. पण तिथे नुसता हिरवा रंग होता.

कापलेला तुकडा अंगणात पडला होता. लीलाबाईंनी तो उचलला, झटकला आणि स्वयंपाकघरात नेला. त्यांचं तांदळाचं पिंप एका बाजूला डगमगायचं, त्याच्या खाली बरोबर बसला.

आणि जून उजाडला. मापाचा दिवस आला. पहिलंच पोर उभं राहिलं आणि गुरुजींनी आकडा वाचून भुवया उंचावल्या. दुसरं आलं, तिसरं आलं. गेल्या वर्षीची वही शेजारी उघडी होती. सगळी शाळा ताडताड वाढली होती. दर वर्षी पाच वाढायचं ते पोर नऊ वाढलं होतं. गुरुजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू! तीस वर्षं या पोरांची किडकिडीत मापं वहीत लिहून लिहून त्यांचा जीव कंटाळला होता. त्यांना वाढ बघायची होती आणि ती समोर दिसत होती. त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं नाही असं नाही. पुन्हा मोजलं, पण माझ्यावरच.

मला कळत होतं. पाऊल कापलं तेव्हा मला दुखलं होतं, मला नाही कळणार तर कोणाला? पण फळीला तोंड नाही. आणि खरं सांगायचं तर, मित्रांनो, तोंड असतं तरी मी त्या दिवशी बोलले असते का, याची मला खात्री नाही. कारण सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

अहवाल वर गेला. 'गतवर्षापेक्षा विद्यार्थ्यांच्या उंचीत लक्षणीय वाढ.' कारण शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही. खिचडी! पंचायतीचे लोक आले, तालुक्याचे साहेब आले, आणि लीलाबाईंना खुर्चीवर बसवून शाल आणि हार घातला. त्या आयुष्यात पहिल्यांदाच शाळेत खुर्चीवर बसल्या असतील. हाताचं काय करावं त्यांना कळेना, म्हणून पदरात गुंडाळून बसल्या होत्या. तो फोटो स्वयंपाकघरात लागला. दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली. मला ती आवडली. हे लपवून काय उपयोग?

मग हळूहळू डबे बंद झाले. आधी एका घरचा, मग तिघांचा, दिवाळीनंतर सगळ्यांचे. राजेश्वरीची आजी कस्तुराबाई स्वतः शाळेत आली आणि लीलाबाईंना म्हणाली, "आमच्या पोरीला पन वाढा गं थोडी जास्त. लय बुटकी हाय." राजेश्वरी बुटकी नव्हतीच, समीक्षापेक्षा चांगली सहा सेंटीमीटरनं उंच होती. पण त्या दिवसापासून दोघी शेजारी बसून जेवू लागल्या. एका ताटातली मिरची दुसरीच्या ताटात जाऊ लागली. माझ्या खोटेपणातून एवढं चांगलं निघालं, हे माझ्या गुन्ह्याचं सर्वांत अवघड अंग आहे. कितीही विचार केला तरी मला त्याचा हिशेब लावता येत नाही.

वर्षं गेली. गुरुजी निवृत्त झाले, आदिनाथ सर मुख्याध्यापक झाले. समीक्षा आणि राजेश्वरी बारावी झाल्या आणि दोघींनी पोलीस भरतीची तयारी धरली. सराव आमच्याच मैदानात. सकाळी सातच्या आत आठशे मीटरच्या फेऱ्या, मग गोळाफेक. महिना संपला की दोघी व्हरांड्यात यायच्या, बूट काढायच्या आणि मला टेकायच्या. राजेश्वरी एकशे त्रेसष्ट. समीक्षा एकशे सत्तावन्न. मुलींना भरतीला एकशे पंचावन्न लागतात. दोन वर.

समीक्षाला तळेगावला नर्सिंगला जागा मिळाली होती. तिची आई अनिता कंपनीत कंत्राटावर खोकी भरायची, वडील लहानपणीच गेलेले. एका सकाळी अनिता कामावर जाताना मैदानाशी थांबली. माझ्या समोरच दोघींचं बोलणं झालं.

"नर्सिंगचं धर, समीक्षा. हातातलं हाय."

"आई, दोन्ही जमत न्हाई. कॉलेज केलं तर सराव बुडतो."

"आन भरतीत न्हाई घेतलं तर?"

"का न्हाई घेणार? पळण्यात मी पहिली येते. उंचीत दोन वर हाय. फळीवर बघ की." आणि तिने माझ्यावर थाप मारली.

अनिताने माझ्याकडे पाहिलं. तिला आकडे वाचता येत होते. तिने दीडशेवरची सातवी रेघ बोटाने मोजून घेतली आणि मान हलवली. समीक्षाने नर्सिंगची जागा सोडली. ती थाप मला अजून जाणवते.

दोन वर्षांनी भरती निघाली. दोघी एकाच दिवशी मैदानावर गेल्या आणि त्याच दिवशी दुपारी शाळेत परत आल्या. छातीवरचे नंबराचे कागद तसेच होते. लीलाबाई भांडी घासत होत्या.

"झालं पळून?" त्यांनी विचारलं.

समीक्षा येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि बघत राहिली. राजेश्वरीनेच सांगितलं, "पळूच दिलं न्हाई तिला, आज्जी. उंचीतच काढली. एकशे त्रेपन्न भरली."

"अगं, फळीवर तर..."

"मी पन एकशे एकोणसाठच भरले. त्रेसष्ट न्हाई." राजेश्वरीचा आवाज बारीक झाला. "दोघी पन चार-चारनंच कमी कशा भरलो? मशीन खराब म्हणावं, तर सगळ्या पोरींची बरोबर येत होती."

लीलाबाईंनी हातातली पातेली खाली ठेवली. राजेश्वरीने तिथूनच हौशीराम गुरुजींना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी लोकलने आणि पुढे रिक्षाने आले. साठी ओलांडलेली. खिशात लोखंडी टेप होता. त्यांनी टेपचं एक टोक फरशीवर दाबलं आणि दुसरं माझ्या दीडशेच्या रेघेपर्यंत नेलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा नेलं. टेपवर एकशे सेहेचाळीस होते.

"चार कुठे गेले?" ते म्हणाले. ते कोणालाच विचारत नव्हते. खाली बसले, माझ्या पायाशी बोट लावलं, करवतीची खरखर त्यांच्या बोटाला लागली असणार. "हिला कोणीतरी कापलंय."

लीलाबाई उठून आत गेल्या. पिंप सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात तो तुकडा होता. हिरवा रंग एका बाजूने तसाच होता.

"ह्यो का बगा," त्या म्हणाल्या. "फरशी बसली तवा पडला हुता. म्या पिंपाखाली लावलाय."

गुरुजींनी तो हातात घेतला आणि माझ्या कडेला लावून पाहिला. रुंदी बरोबर जुळली. आठ वर्षं सगळ्या वस्तीची पोरं त्या तुकड्याएवढी जास्त उंच होऊन घरी गेली होती, आणि तो शेजारच्या खोलीत पिंपाखाली होता.

गुरुजी फरशीवरून उठलेच नाहीत. "मागच्या वर्षीची जमीन आणि त्या वर्षीची जमीन एक नव्हती," ते म्हणाले. "एवढा एकच नियम मी तुम्हाला घोकून घेतला होता. आणि मीच बघितलं नाही. मला वाढ बघायची होती, समीक्षा."

समीक्षा रडत नव्हती. तिचा चेहरा कोरडा होता. "तुमी एकदा खाली बघायचं हुतं, गुरुजी," ती म्हणाली. "एकदाच."

गुरुजींनी मान खाली घातली. राजेश्वरी समीक्षापेक्षा उंच, हे वाक्य जुन्या जमिनीवरही खरं होतं, नव्या जमिनीवरही खरं होतं आणि भरतीच्या मैदानावरही खरंच ठरलं होतं. रांग कुठेच चुकली नव्हती. माणसाला रांगेतली जागा कळते, स्वतःचं माप कळत नाही, हे मी त्या दुपारी शिकले.

मग लीलाबाईंनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला आठ वर्षं भीती वाटत होती.

"मंग त्या साली पोरं वाढली न्हवती?"

"वाढली ना, लीलाबाई. दर साली वाढतात तेवढी वाढली."

"माज्या खिचडीनं न्हाई."

आदिनाथ सर खोलीतून बाहेर आले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. माणूस वाईट नाही. पण आठ वर्षांचे अहवाल वर गेलेले, आणि त्यांतल्या पाचांवर त्यांची सही. ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, हे आता उकरून काय मिळणार? पोरीचं तर गेलंच. उगाच तुमचा सत्कारही खोटा पडेल. पुढच्या वर्षी नवी पट्टी मागवतो मी. तोवर राहू द्या."

लीलाबाई आत गेल्या, खिळ्यावरचा फोटो काढला आणि पिशवीत घातला.

गोष्ट वस्तीत पसरली. राजेश्वरीने घरी सांगितलं, तिला गप्प राहवेना. पंधरा दिवसांत दोन डबे परत आले. पोरं व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसू लागली. महिन्यात पाच झाले. राजेश्वरी भरतीत निवडली गेली आणि ट्रेनिंगला गेली. जाताना समीक्षाला भेटायला बौद्धवाड्यात गेली होती म्हणे. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. समीक्षा आईच्याच कंपनीत, आईच्याच कंत्राटदाराकडे खोकी भरायला लागली.

नवी पट्टी आली नाही. पुढचा जून आला, मापाचा दिवस आला. आदिनाथ सर वही घेऊन उभे राहिले. तेवढ्यात लीलाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हातात तो हिरवा तुकडा होता. पहिलं पोर मला टेकलं. सर म्हणाले, "एकशे एकवीस."

"चार कमी," लीलाबाई म्हणाल्या.

सरांनी वर पाहिलं. पोरं हसली. लीलाबाई हसल्या नाहीत. दुसरं पोर आलं. "चार कमी, बाळा. घरी जाऊन चार कमी सांग." डबा आणणारी पोरंही त्यांनी सोडली नाहीत. त्यांनाही त्याच आवाजात सांगितलं. ज्या गोष्टीने त्यांना खुर्ची मिळाली होती, ती गोष्ट त्या प्रत्येक पोराच्या तोंडावर स्वतः खोडत होत्या. अडुसष्ट पोरं होती. अडुसष्ट वेळा बोलल्या. सरांनी वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

मी खूप माणसांच्या पाठी पाहिल्या आहेत. त्या बाईइतकी ताठ पाठ मी पाहिली नाही, आणि ती मला कधी टेकली नाही.

हे गेल्या वर्षी झालं. यंदा शाळेतली चूल बंद झाली. जेवण आता टेंपोतून डब्यांत येतं, थंड. लीलाबाईंचे गुडघे गेले, त्या घरीच असतात. शेवटच्या दिवशी त्यांनी तो तुकडा आणून माझ्या पायाशी उभा करून ठेवला, कोणाला तरी समजेल या आशेने. आठवड्याच्या आत टेंपोवाल्याने तो उचलला. अंगणाला उतार आहे, चाक घसरू नये म्हणून खाली उटी लागते. रोज बारा वाजता मी माझं पाऊल टेंपोच्या चाकाखाली बघते. सकाळी कंपनीच्या वेळेला समीक्षा फाटकासमोरून जाते. गळ्यात ओळखपत्र असतं. ती या बाजूला मान वळवत नाही.

यंदाही दुसऱ्या सोमवारी माप झालं. हिरा नावाची पाचवीतली मुलगी मला टेकली. पाय धुऊन आली होती, टाचा ओल्या होत्या. सरांनी आकडा वाचला, "एकशे चौतीस."

"सर, मला पोलिसात घेतील ना मोठी झाल्यावर?" तिने विचारलं.

"अशीच वाढलीस तर घेतील की," सर म्हणाले आणि पुढच्या पोराला हाक मारली. हिरा उड्या मारत गेली. मी वाट बघितली. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप होतं.

म्हणून, मित्रांनो, आज तुम्हाला सांगते आहे. तुमच्याही शाळेत, घरात, कुठेतरी एखादी फळी असेल. ती तुम्हाला कौतुकाचा आकडा देईल. पाठ टेकवण्याआधी एकदा खाली वाका आणि ती कुठून सुरू होते ते बघा. तिच्या पायाशी हात लावा, करवतीची खरखर लागते का ते बघा. आणि कधी आंबीच्या बाजूला आलात, व्हरांड्यात हिरवी फळी असलेली शाळा दिसली, आणि तिथे हिरा नावाची मुलगी भेटली, तर तिला एवढंच सांगा. चार कमी.